आधी पट्टी, मग गाणं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी उभा जन्म नवशिक्यांना शिकवण्यात घालवला. त्यांच्याकडे दोन-तीन वर्षं बसलेली मुलं पुढे मोठ्या गवयांकडे गेली, नावारूपाला आली, आणि कार्यक्रमपत्रिकेत गुरू म्हणून त्या मोठ्या गवयांचं नाव छापलं गेलं. गुरुजींना त्याची खंत नव्हती. मला आहे. आपल्याकडे घराण्यांवर व्याख्यानं होतात, रागांवर होतात, मैफलींच्या आठवणींवर तर होतातच. ज्याला अजून सा लागत नाही त्याच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. म्हणून आजचा तास मी त्याच्यासाठी मागून घेतला आहे. गाणं शिकायला आलेला अगदी नवा माणूस, मग तो आठ वर्षांचा असो की साठीचा, चांगलं गायला कसा शिकतो आणि आपण त्याच्या वाटेत काय काय आणून ठेवतो, हे मला सांगायचं आहे.

पहिला अडथळा घरातच असतो. मूल चार ओळी गुणगुणतं, सूर थोडा इकडेतिकडे जातो, आणि एखादं मोठं माणूस सहज बोलून जातं, 'हिला गळा नाही.' त्या दिवसापासून ते मूल चारचौघांत तोंड उघडत नाही. पन्नाशी उलटल्यावर माझ्याकडे शिकायला आलेल्या कितीतरी बायकांनी पहिल्याच दिवशी हे वाक्य मला सांगितलं आहे. कोणी म्हटलं, कुठल्या लग्नात म्हटलं, सगळं त्यांना आठवत होतं. आणि त्यांतल्या बहुतेकींना दुसऱ्याचा कणसूर बरोबर ओळखता येत होता! ज्यांना सूर खरोखरच कळत नाही अशी माणसं जगात आहेत. मॉन्ट्रिअलच्या इझाबेल पेरेट्झ यांनी त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. पण अशी माणसं शंभरात एक-दोन, फार तर चार. उरलेल्यांना कान आहे. कानाने ऐकलेलं गळ्याने करायचं कसं, एवढंच त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

गळ्याबद्दल घाईने निकाल देणाऱ्यांनी भास्करबुवा बखल्यांची हकिकत आठवावी. लहानपणी गोड गळ्याचा मुलगा म्हणून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. वयात येताना आवाज फुटला आणि गाण्याच्या भूमिका हातातून गेल्या. नाटक कंपनीत ज्याच्या जोरावर मान होता तेच गेलं. त्यानंतर हा मुलगा बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकला, पुढे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकला. बालगंधर्वांचे गुरू, १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे आणि १९१६ च्या 'स्वयंवर'ला चाली देणारे भास्करबुवा ते हेच. दुसरं नाव गंगूबाई हनगल यांचं. घशावरच्या उपचारानंतर त्यांचा बारीक आवाज जाड, जवळजवळ पुरुषी झाला. त्याच आवाजावर त्यांनी पुढची अनेक दशकं गाणं उभं केलं. या दोघांनाही आवाज नव्याने समजून घ्यावा लागला. नवशिक्याला तेच करायचं असतं. फरक इतकाच की तो पहिल्यांदा करत असतो.

आता वर्गात येऊ. माझ्या मते नवशिक्यांचं सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या पट्टीने होतं. रागाची निवड, पुस्तक, घराणं या सगळ्या गोष्टी त्याच्या मागाहून येतात.

साधारणपणे पुरुष पेटीच्या काळी एक-दोनच्या आसपास षड्ज धरून गातात आणि बायका काळी चार-पाचच्या आसपास. काळी एकच्या षड्जाला पुरुषाच्या स्वरतंतूंची सेकंदाला सुमारे १३९ कंपनं होतात, तर काळी पाचच्या षड्जाला बाईच्या स्वरतंतूंची सुमारे २३३. म्हणजे बाईचा षड्ज पुरुषाच्या शुद्ध धैवतावर येतो. आता आपल्या नेहमीच्या क्लासचं चित्र डोळ्यांपुढे आणा. शिकवणारे सर काळी एकमध्ये पेटी धरून बसले आहेत. समोर दहा-बारा जण आहेत: दोन गृहस्थ, चार बायका, बाकी मुलंमुली. सर म्हणतात, 'सा लावा.' बायकांनी सरांच्याच सप्तकात गायचं ठरवलं तर मंद्रात आवाज नुसता घरघरतो. वरच्या सप्तकात गायचं ठरवलं तर मध्य सप्तकाचा पंचम येईपर्यंत मानेच्या शिरा ताणतात. लहान मुलांची अडचण आणखी वेगळी. भारदस्त पुरुषी आवाजातला सा ऐकून तोच आपल्या सप्तकात, दुप्पट उंचीवर घ्यायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मूल प्रामाणिकपणे सरांच्या आवाजापर्यंत खाली उतरायला बघतं, उतरू शकत नाही, मधेच कुठेतरी अडकतं, आणि वहीत शेरा येतो: बेसूर. हेच मूल एखाद्या बाईंच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजातला सूर चटकन उचलतं. शिकवण्याचा अनुभव असलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. तरीही पट्टी सोयीची असते ती शिकवणाऱ्याच्याच.

पट्टी ठरवायला फार विद्या लागत नाही. आवाज न दाबता मंद्र पंचमापर्यंत उतरता आलं पाहिजे आणि न ओरडता तार गंधार-मध्यमापर्यंत चढता आलं पाहिजे. या दोन टोकांमध्ये जो षड्ज बसतो ती आपली पट्टी. ती आयुष्यभर तीच राहत नाही. मुलग्यांचा आवाज वयात येताना सुमारे एका सप्तकाने खाली जातो. त्या काळात त्यांना तार सप्तकात ओढू नये, जितकं सहज निघेल तितकंच गाऊ द्यावं. गाणं बंद मात्र करायला लावू नये. उतारवयात पट्टी पुन्हा खाली येते, तेव्हा ती मोकळेपणाने उतरवावी. त्यात कमीपणा नाही. अमुक गायिका काळी पाचमध्ये गाते म्हणून आपणही तिथेच गायचं, हा हट्ट मी तरुण मुलींमध्ये फार पाहते. त्यातून घसा बसतो, स्वरतंतूंवर गाठी येतात, आणि मग डॉक्टर दोन महिने मौन सांगतात.

पट्टी सापडली की तंबोरा. मी मुद्दाम तंबोरा म्हणते आहे, पेटी म्हणत नाही.

तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखाली सुती किंवा रेशमी दोरा सरकवून जवारी लावली की एकेका तारेतून अनेक स्वर बाहेर पडायला लागतात. खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. नवशिक्याला पहिल्या दिवशी तो ऐकू येत नाही. काही आठवड्यांनी येतो, आणि तो आला त्या दिवशी विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासाठी मी शिकवते, असं म्हटलं तरी चालेल. हा गंधार पेटीतल्या गंधाराहून निराळा आहे. सप्तकाचे १२०० सारखे भाग केले तर तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ३८६ व्या भागावर बसतो आणि पेटीतला ४०० व्या. चौदा भागांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण तंबोरा चालू असताना पेटीतला गंधार गाऊन पाहा. स्वर घासल्यासारखा वाटतो. तो थोडा उतरवून मिळवला की कंप थांबतो आणि आवाज तंबोऱ्यात विरघळतो. शुद्ध गाणं म्हणजे काय ते विद्यार्थ्याला या एका अनुभवातून समजतं. व्याख्या सांगून समजत नाही.

पेटीशी माझं वैर नाही. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती. ती टोकाची गोष्ट होती, आणि पुढे ती सैल करावी लागली. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात पेटीला परकं म्हणणं मला जमणार नाही. माझा आक्षेप पेटीच्या एकाच वापराला आहे. विद्यार्थ्याने प्रत्येक स्वर म्हणताना तोच स्वर पेटीवर वाजत राहिला की त्याला स्वतःचा आवाज ऐकायची गरजच उरत नाही. पेटीच्या आवाजात त्याचा कणसूर झाकला जातो, आणि पेटी बंद केल्यावर तो उघडा पडतो. एखादा अनोळखी स्वर दाखवायला पेटी जरूर वापरावी. दाखवून झालं की हात काढून घ्यावा.

घरी तंबोरा नाही, ही अडचण आता राहिलेली नाही. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांच्या रेडल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तंबोरे घरोघर पोहोचवले, आणि आता फोनमध्येही तंबोरा मिळतो. काही जुनी मंडळी त्याला नाकं मुरडतात. खऱ्या तंबोऱ्याची सर त्याला नाही, हे खरं आहे. तरीही चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे एखादी मुलगी फोनवर काळी चारचा तंबोरा लावून सा लावत बसते, तेव्हा तिला त्यापासून अडवणारा शिक्षक मला शिक्षक वाटत नाही.

आता एका मोठ्या माणसाच्या मोठ्या कामाबद्दल बोलते. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्याआधी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, आणि गुरू मिळणं हीच एक तपश्चर्या होती. खुद्द बाळकृष्णबुवा त्यासाठी ग्वाल्हेरपर्यंत गेले होते. विष्णु दिगंबरांनी वर्ग काढले, पुस्तकं छापली, स्वरलेखन केलं. त्यांच्या पाठोपाठ विष्णु नारायण भातखंड्यांनी मराठीत लिहून शास्त्राला शिस्त लावली. शिक्षकाची, कारकुनाची मुलगी आज गाणं शिकते ती या दोघांमुळे, हे मी कधी विसरत नाही.

मात्र गुरूच्या घरातून वर्गात येताना एक गोष्ट मागे राहून गेली. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे राहिले तेव्हा सुरुवातीला त्यांच्या वाट्याला पाणी भरण्यासारखी घरकामंच आली. तालीम बऱ्याच काळानंतर सुरू झाली. या कथा आपण गुरुभक्तीचे दाखले म्हणून सांगतो. त्या काळात कानावर काय पडत होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरात दिवसरात्र तंबोरा. गुरूचा रियाज, थोरल्या शिष्यांची तालीम, एकच पलटा शंभरदा मोडून पुन्हा बांधलेला. शिष्य स्वतः गायला बसायचा तोवर त्याचा कान तयार झालेला असायचा. आपल्या वर्गात मूल आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास येतं आणि पहिल्या मिनिटापासून गायला लागतं. ऐकण्याचे ते शेकडो तास त्याला कोणी दिलेलेच नाहीत. मी पालकांना सांगते, रोज अर्धा तास घरात एकच राग लावा. आठवडाभर तोच. कोणी गायलेला असो, पण विलंबित आणि निवांत असा. मुलाला समोर बसवू नका, त्याला खेळू द्या, जेवू द्या. भूप किंवा यमन असा महिनाभर घरात राहिला की पुढे शिकवणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं.

रियाजाबद्दल थोडं. नवशिक्याने पहिले काही महिने रोज वीस मिनिटं गावं, त्याहून जास्त गाऊ नये. त्यातली निम्मी षड्जावर घालवावीत. श्वास घेताना खांदे उचलू नयेत, पोट आणि बरगड्यांचा तळ पसरू द्यावा. सा सुरू होताना धक्का नको आणि संपताना लटपट नको. आवाज थकायच्या आधी थांबावं. मग सा-प-सा, मग सा-ग-प, मग भूपाचे पाच स्वर. आकारात म्हणण्याआधी सरगमेत म्हणावेत, म्हणजे कोणत्या स्वरावर आहोत ते कळतं. पलटे सावकाश म्हणावेत. जलद म्हटलेल्या पलट्यात चूक लपते. ताल पहिल्या महिन्यापासून हातावर धरावा. त्रितालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला काल. पुष्कळ नवशिके सुरात पक्के झाल्यावर लयीकडे वळू असं ठरवतात, आणि मग त्यांची लय कायमची पांगळी राहते.

लांब दम म्हणजे चांगलं गाणं, हा समज मुलांच्या डोक्यातून लवकर काढून टाकावा. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं. देवासला वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून राहिल्यावर ते गायला उठले ते छोट्या, तीक्ष्ण, थेट स्वरवाक्यांनी. जेवढा श्वास होता तेवढ्यात त्यांनी पूर्ण गाणं बसवलं. त्यांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर हे आवाजाचं शास्त्र मनापासून अभ्यासणारे होते. पुढे अशोक रानड्यांनीही तो अभ्यास चालवला. आवाज जपणं आणि घडवणं हा शिकण्याचा विषय आहे, हे या मंडळींनी मराठीत सांगून ठेवलं आहे. तरी आजही आपण घशासाठी ज्येष्ठमध, खडीसाखर आणि मिरी यांवर थांबतो. ज्येष्ठमधाने घसा शांत होतो, सूर येत नाही. पाणी प्यायलं की लगेच आवाज मोकळा होतो असंही नाही. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना ते स्पर्शही करत नाही. शरीरात पुरेसं पाणी असेल तर त्यांना ओलावा मिळतो, आणि त्यासाठी दिवसभर प्यावं लागतं.

आणखी एक साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा डोक्याच्या हाडांतूनही येतो. म्हणून ध्वनिमुद्रणातला स्वतःचा आवाज परका वाटतो. फोनवर रोजचा पाच मिनिटांचा सा ध्वनिमुद्रित करावा आणि दुसऱ्या दिवशी ऐकावा. पहिल्या आठवड्यात वाईट वाटतं. नंतर कुठे चढतो, कुठे उतरतो ते शिक्षकाने सांगायच्या आधीच समजायला लागतं.

आणि घाई. माझी सर्वांत मोठी तक्रार घाईबद्दल आहे. तीन महिन्यांत स्नेहसंमेलनात गाणं, सहा महिन्यांत परीक्षा, वर्षभरात कॅराओके ट्रॅकवर भावगीत आणि त्याचा व्हिडिओ. दूरदर्शनवरच्या स्पर्धांत दहा वर्षांची मुलं अवघड पदं गातात. त्यांच्यातली गुणवत्ता खरी असते, मला त्यांचं कौतुक आहे. पण ती पाहून शेजारच्या घरात दहा वर्षांच्या मुलाला त्याच पदाच्या ताना पाठ करायला बसवलं जातं, आणि त्याला अजून भूपाचा गंधार स्थिर धरता येत नसतो. ताना पाठ होतात. गंधार राहून जातो, आणि वीस वर्षांनीही राहिलेलाच असतो.

मुलाला माणसांसमोर गाण्याची संधी हवी असेल तर ती आपल्याकडे कधीची तयार आहे. जवळच्या देवळातल्या भजनात त्याला बसवा. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, पण गावोगावच्या भजनी मंडळांत त्याच्याही कितीतरी आधीपासून मुलं टाळ धरून गायला शिकत आली आहेत. तिथे कोणी गुण देत नाही. दहा आवाजांत आपला आवाज मिळवावा लागतो, टाळामुळे लय सुटत नाही, चुकलं तर शेजारचा मोठा आवाज सांभाळून घेतो. एका मंडळात नियमित गाणारी मुलं वर्गात आली की त्यांना लय शिकवावी लागत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

उशिरा सुरू करणाऱ्यांनाही मला काही सांगायचं आहे. साठीनंतर आवाजाची झेप कमी होते, फिरत जलद होत नाही. षड्ज मात्र कोणत्याही वयात लागतो. मंद्र आणि मध्य सप्तकात सावकाश गायलेली एक स्थायी सुरेल करता येते, आणि एखादी सुरेल स्थायी हे पूर्ण गाणं आहे. परीक्षेचा अर्ज भरण्याची किंवा कुणाशी तुलना करण्याची गरज नाही. फक्त शिक्षक निवडताना एक पाहा: पहिल्या भेटीत तो तुमची पट्टी शोधतो, की स्वतःच्या पट्टीत तुम्हाला गायला लावतो. पट्टी शोधणाऱ्याकडे राहा.

शेवटी या सभागृहातल्या सगळ्यांना एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजीचा, आत्याचा, कुणा काकांचा तंबोरा गवसणीत पडून आहे. भोपळ्याला चीर गेली असेल, तारा गंजल्या असतील, खुंट्या फिरत नसतील. मिरजेत हे सगळं दुरुस्त करणारे कारागीर आजही पिढीजात काम करत आहेत. २०२४ साली मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तो तंबोरा त्यांच्याकडे पाठवा, तारा बदलून, जवारी काढून घ्या, आणि जवळच्या नगरपालिकेच्या शाळेला किंवा एखाद्या साध्या गायनवर्गाला देऊन टाका. देताना तिथल्या शिक्षकांना सांगा, की मुलांना रोज तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं नुसता ऐकू द्या.